शिडीखालचा जोडा

नेमसिंगाचा जोडा मी उचलला तो स्वच्छतेपायी. शाळेत असताना आमच्या वर्गाला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं होतं. त्यात माझा वाटा फळा पुसण्याइतकाच होता, पण सवय मात्र मला लागली ती लागलीच. घाटंजीला राजन्ना शेठच्या कापडाच्या दुकानात त्या बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. ऐन लगीनसराई. गादीसमोर सर्कलसाहेबांच्या बाई लुगडी पाहत बसल्या होत्या आणि त्यांच्या पदरापासून हातभर अंतरावर, शिडीच्या पायाशी, शेणाधुळीनं भरलेला एक जोडा पडला होता. मी तो दोन बोटांत धरून बाहेर ओट्यावर, गिऱ्हाइकांच्या जोड्यांच्या रांगेत नीट मांडून ठेवला. बाईंनी माझ्याकडे पाहून पसंतीची मान हलवली. मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीसुद्धा एवढं कौतुक माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

आता तो जोडा तिथं का होता ते सांगायला हवं. दुकानाच्या मागच्या निम्म्या भागावर लाकडी माळा होता. कापडाची ठाणं तिथं रचलेली. वर जायला एकच शिडी, आणि भिंतीवरच्या उंच फळ्यांवरचं लुगडं काढायचं तरी तीच शिडी. म्हणून दुकानाची एक रीत होती. इतर सगळे जोडे बाहेर ओट्यावर, पण जो माळ्यावर चढेल त्यानं आपला जोडा आत आणून शिडीच्या खालच्या पायरीशी काढायचा. जोडा खाली म्हणजे माणूस वर. तो जोडा दिसतोय तोवर शिडीला हात लावायचा नाही, शेठनंही नाही. कामाला लागलो त्याच दिवशी नेमसिंगानं मला हे सांगितलं होतं आणि मी हसलो होतो. मला वाटलं, असेल तांड्यावरचा काही तोडगा, नजर लागू नये म्हणून.

मी जोडा ठेवून आत आलो तेव्हा बाईंनी वरच्या फळीवरचं नागपुरी लुगडं मागितलं होतं. शेठनी सवयीनं शिडीच्या पायाशी पाहिलं. जोडा नव्हता. त्यांनी शिडी ओढून समोरच्या भिंतीला लावली. इकडे नेमसिंग दोन्ही हातांत ठाणं घेऊन, पाठ आमच्याकडे करून, रोजच्यासारखा माळ्याच्या तोंडाशी आला. तो मागं वळून कधी पाहत नसे. पाय खाली सोडायचा आणि पायरी आपोआप पायाखाली यायची, इतकी वर्षं येत आली होती. त्या दिवशी ती आली नाही.

आधी ठाणं खाली पडली, मग तो. गादीच्या फळीच्या कडेवर त्याचा उजवा गुडघा आपटला. एक लाल ठाण उलगडत उलगडत पार दारापर्यंत गेलं आणि बायकांनी ते रक्त समजून पदर तोंडाला लावले. रक्त थेंबभर नव्हतं. नेमसिंग आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "कापड उचला गा आधी, मळून राह्यलं ते."

आम्ही कापड उचललं. मग त्याला उचललं. बाहेर एवढी गर्दी लोटली की त्या धावपळीत ओट्यावर मी मांडून ठेवलेला त्याचा जोडा कुणी तरी पायात घालून निघून गेलं. म्हणजे एका जोड्यापायी मी त्याचा पाय घालवला आणि जोडाही घालवला. स्वच्छतेचं दुसरं बक्षीस मला अजून कुणी दिलेलं नाही.

हा नेमसिंग घाटंजीहून कोसभरावरच्या बंजारा तांड्याचा. उंच, मिशा पिळलेल्या, डोक्याला भलं मोठं पागोटं. आपल्याइतका देखणा नोकर तालुक्यात नाही असं त्याचं मत होतं आणि ते तो लपवत नसे. शेतीचा तुकडा होता, तो भाऊ वाहत असे. नेमसिंगाचं मन दुकानात. तो म्हणायचा, "माहा आजा बैलाच्या पाठीवर माल नेत होता, मी खांद्यावर नेतो. बैल कमी झाला, एवढाच फरक." माळ्यावरून ठाण फेकण्यात त्याचा फार तोरा. मनात आलं तर गिऱ्हाइकाच्या मांडीवर, मनात आलं तर शेठच्या नाकासमोरून. ठाण हवेत असतानाच तो वरून भाव सांगे. तांड्यावरच्या बायका फेटियाचं, म्हणजे घाघऱ्याचं, लाल कापड घ्यायला येत त्या त्याचं नाव विचारतच. तो त्यांना 'याडी', म्हणजे आई, म्हणून हाक मारी, मग वरूनच त्यांच्या बोलीत काही तरी बोलणं होई, त्या खिदळत आणि एका घाघऱ्याऐवजी दोन घाघऱ्यांचं कापड फाडून नेत. मीटरची नवी पट्टी आली तेव्हा दहा वारांचे नऊच मीटर झाले आणि कापड आटलं म्हणून बायका भांडायला उठल्या. त्याही वेळी नेमसिंगानंच आपला हात मीटरच्या पट्टीला लावून त्यांची समजूत काढली. काय सांगून काढली ते मला कळलं नाही, पण हसल्या खूप.

मला तो 'म्याट्रिक' म्हणे. नाव विसरला असावा, किंवा ते लक्षात ठेवण्यासारखं त्याला वाटलं नसावं.

तर पडल्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की जोडा मी हलवला. लपवायचं म्हटलं तरी लपलं नसतं, सर्कलसाहेबांच्या बाई पाहतच होत्या. माझी अपेक्षा अशी की शेठ मला हाकलतील. मग मी मान खाली घालून जाईन आणि निदान आपण शिक्षा भोगली एवढं समाधान तरी पदरात पडेल. राजन्ना शेठनी तसं काही केलं नाही. ते घाम पुसत म्हणाले, "तू जोडा उचलला, मी शिडी उचलली. आपण दोघं उचलणारे. पडला तो."

शेठ माणूस वाईट नव्हता. पण हिशेबी माणसाचा चांगुलपणाही हिशेबातच चालतो. पहिल्यांदा त्यांनी नेमसिंगाला बैलांच्या दमणीत घालून तांड्यावर पोचवलं आणि हाड बसवणारा एक म्हातारा बोलावला. त्यानं पाला लावला, कामट्या बांधल्या. पाय भोपळ्यासारखा सुजला तेव्हा कुठं त्याला एस.टी.त आडवा घालून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेला. सोबत मी होतो. डॉक्टरांनी कामट्या सोडल्या. त्यांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, हाड जुळेल, गुडघा वाकेल असं मात्र धरून चालू नका. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात नेमसिंगाला म्हटलं, "काका, जोडा मी तुम्हाला नवा करून देतो." दुसरं द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. त्यानं प्लास्टरकडे पाहिलं. "दोन्ही पायाचा देजो गा," तो म्हणाला, "एकच घालून कसं चालीन?"

दवाखान्याचा खर्च दुकानानं केला. पाय जुळेपर्यंत निम्मा पगार देईन, पुढचं पुढं पाहू, असं शेठनी ठरवलं. हे सगळं त्यांच्या मनानंच. दुकानात पडलेल्या माणसाचं दुकानदारानं काय करायचं हे आमच्या पेठेत कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे ज्याचं त्याचं चाले.

मी शिकलेला, म्हणून मी यवतमाळला एका वकिलांच्या ओसरीवर जाऊन बसलो. ते म्हणाले, गिरणीत कुणाचा हात गेला, खाणीत कुणी दबला, तर भरपाईसाठी मी उभा राहतो. कापडाच्या माळ्यावरून पडलेला अजून माझ्याकडे आला नाही, पाहावं लागेल. मग त्यांनी विचारलं, शिडी कुणी काढली? मी म्हटलं, शेठनी. जोडा कुणी हलवला? मी म्हटलं, मी. कोर्टात साक्ष द्यायला कोण येईल? मी म्हटलं, मीच. वकिलांनी चष्मा काढला आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

हे मी तांड्यावर जाऊन नेमसिंगाला कळवलं. तो खाटेवर पडलेला, प्लास्टरवर कुणी तरी कोळशानं मोर काढलेला. त्याची बायको धनीबाई चुलीपाशी होती. ती माझ्याशी बोलत नसे. माझ्यासमोर पाण्याचा तांब्या मात्र ठेवी, आणि तो असा ठेवी की पाणी उडून माझ्या पायावर यावं. नेमसिंगानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "कोर्टात गेलो तर शेठ भांडीन. मंग पेठेतला दुसरा शेठही मले उभा करणार नाही. मले भरपाई नाही पायजे, म्याट्रिक. मले दुकान पायजे."

"अन् माळ्यावर कसे चढाल?" मी विचारलं.

धनीबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड केलं. "ते तू सांग," ती म्हणाली. "जोडा उचलाची अक्कल तुले होती ना?"

पाय जुळला तोवर पाऊस लागला होता. नेमसिंग काठी टेकत दुकानात आला. उजवा पाय सरळ काठीसारखा, गुडघ्यात वाकत नव्हता, आणि डाव्यापेक्षा बोटभर आखूड. पायात टायरच्या चपला. आत आल्या आल्या त्याला शिडी दिसली. शेठनी मधल्या काळात सुतार आणि लोहार दोन्ही बोलावून ती माळ्याच्या तुळईला साखळीनं जखडून टाकली होती आणि भिंतीच्या फळ्यांसाठी वेगळं स्टूल केलं होतं. नेमसिंगानं साखळी हातात घेऊन वाजवून पाहिली. "पक्की हाय," तो म्हणाला. "आमच्या घरच्या म्हशीलेही एवढी नाही." शेठ खाली मान घालून कापड मोजत राहिले.

दुकान दोन नोकरांचं. एक चढणारा, एक बसणारा. बसणारा म्हणजे मी. नेमसिंग घरी होता त्या दिवसांत मी गादीवर बसून कापड दाखवायला शिकलो होतो आणि, सांगायला लाज वाटते, मला ते आवडायला लागलं होतं. माझ्या वडिलांनी अर्ध्या गावाला सांगितलं होतं की पोरगा गादीवर बसतो. माळ्यावर नाइलाजानं शेठ स्वतः धापा टाकत चढत होते. त्यांनी नेमसिंगाला दाराशी तिपाई दिली. गिऱ्हाईक बोलवायचं हलकं काम, पगार निम्माच, आणि तोही पोळ्यापर्यंत. पोळ्यानंतर वणीहून त्यांच्या बायकोचा भाचा माळ्यासाठी यायचा होता. तिसऱ्या माणसाचा पगार दुकानाला झेपणार नाही, हे शेठनी नेमसिंगाला अगदी हळू आवाजात सांगितलं. आवाज हळू होता, म्हणून मला ते जास्तच ऐकू आलं.

यातून वाट एकच होती आणि ती मला पहिल्या दिवसापासून दिसत होती. मी वर जायचं, नेमसिंगानं गादीवर बसायचं. पण मी काय केलं, तर मला उंचावर चक्कर येते असं दोघातिघांना सांगून ठेवलं. येतही असेल, मी कधी चढून पाहिलं नव्हतं. नेमसिंगाच्या कानावर ते गेलं. एका दुपारी दाराशी बसल्या बसल्या तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, "काहून म्याट्रिक, तुले चक्कर येते म्हंतात. गादी लय उंच तर नाही ना तुह्यावाली?"

मी हसलो. तो हसला नाही. नंतर पानाची चंची सोडून मला सुपारीचं खांड दिलं. ते मी तोंडात धरून बसलो. चावायचा आवाज होईल म्हणून चावलं नाही.

गंमत अशी की त्या तिपाईवरून तो विकतच होता. तांड्यावरच्या बायका माझ्यासमोर बसायच्या, मी कापड पसरायचो, आणि त्या मान वळवून दाराकडे पाहायच्या. नेमसिंगानं डोळे मिटले तर घ्यायच्या, मिशी ओढली तर उठायच्या. विक्री माझ्या नावावर पडे. शेठला हे दिसत होतं, पण निम्म्या पगारात सगळं मिळत असल्यावर न दिसलेलंच बरं, असं त्यांनी ठरवलं असावं.

पोळ्याआधीचा बाजार आला. भाचा दुसऱ्या दिवशी यायचा होता. बिजलीबाई म्हणून तांड्याच्या नाइकाची बहीण होती, मोठं गिऱ्हाईक. ती चार बायका घेऊन आली आणि माळ्यावरच्या लाल कापडाचं नवं ठाण हवं म्हणाली. शेठनी इकडेतिकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांना ताप होता, गळ्याभोवती पंचा गुंडाळलेला. मी मीटरच्या पट्टीवरची धूळ पुसायला लागलो.

नेमसिंग तिपाईवरून उठला. काठी टेकत आत आला, शिडीपाशी उभा राहिला. काठीच्या टोकानं त्यानं आपल्या टायरच्या चपला पायातून काढल्या आणि खालच्या पायरीशी सरकवल्या. मग काठी भिंतीला लावली, दोन्ही हातांनी शिडी धरली आणि डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. तो वर ओढला गेला. उजवा पाय मात्र सरळच, वाकायचं नाव नाही. तो लोंबकळत राहिला, पायरी शोधत. साखळी हलत होती, तिचा आवाज तेवढा येत होता.

मला त्याला खाली ओढायचं होतं. त्याच्या चपला उचलून दाराबाहेर फेकाव्यात असंही मनात आलं. पण शिडीखालचा जोडा उचलायचा नाही, एवढं एक शहाणपण मला त्या दुकानानं शिकवलं होतं, आणि माझ्यापेक्षा त्यालाच ते महाग पडलं होतं. मी गादीवरून उतरलो. बाहेर ओट्यावर जाऊन माझ्या वहाणा हातात घेऊन आलो आणि त्याच्या चपलांना लागून ठेवल्या.

"काका, खाली या," मी म्हटलं. "दोघांचा भार शिडी घेणार नाही."

त्यानं वरूनच खाली पाहिलं. आधी वहाणांकडे, मग माझ्याकडे. "चक्कर?" त्यानं विचारलं.

"आली तर पडीन."

"पडजो. पण ठाण आधी फेकजो," तो म्हणाला आणि उतरला. मग बिजलीबाईकडे वळून मराठीतच, मला कळावं म्हणून, म्हणाला, "याडी, जरा सरकून बस. म्याट्रिक पहिल्यांदा फेकून राह्यला, कोनाच्या टकुऱ्यात घालीन त्याचा नेम नाही."

मी चढलो. चक्कर आली नाही, ते बरं झालं का वाईट ते सांगता येत नाही. आली असती तर निदान खोटं बोललो नव्हतो असं झालं असतं. ठाण मी फेकलं ते शेठच्या पाठीत बसलं. नेमसिंग तोवर पाय लांब करून गादीवर टेकला होता आणि बिजलीबाईला काही तरी सांगत होता. बायका हसत होत्या. लाल कापड त्या दिवशी संपलं. दिवेलागणीला शेठनी पाठ चोळत मला विचारलं, रोज चढशील का? मी हो म्हटलं. त्यांनी त्याच रात्री एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ वणीला निरोप धाडला की भाच्याला तूर्त पाठवू नका. दिवाळीपासून नेमसिंगाचा पगार पूर्ण झाला. वडील मात्र माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मुलगा वर चढला असं काही त्यांना गावात सांगता आलं नाही, जरी ते अगदी खरं होतं.

मी दोन-अडीच वर्षं माळ्यावर काढली. नेमसिंग खालून माझे वाभाडे काढी. मी उतरायला लागलो की बोलता बोलता त्याचा हात शिडीच्या दांड्यावर जाई आणि मी खाली येईपर्यंत तिथंच राही. साखळी होती, तरीही. मी ते पाहिलं हे त्याला कळू दिलं नाही.

पुढं जिल्हा परिषद झाली, कारकुनांच्या जागा निघाल्या आणि मला यवतमाळला नोकरी लागली. शेठला सांगायला मी घाबरत होतो, कारण मी गेलो की माळा पुन्हा रिकामा. पण तोवर नेमसिंगाला उठवण्याची शेठची टाप नव्हती. पलीकडच्या पेठेतल्या दुकानानं त्याला दोनदा विचारलं होतं. वर चढायला कुणाला ठेवू हे शेठनी त्यालाच विचारलं. त्यानं आपला धाकटा खेमसिंग आणला. ठाण बापासारखंच फेकतो म्हणे, बोलत मात्र नाही.

राहिला जोडा. घाटंजीचा मोची फक्त बाजाराच्या दिवशी बसे आणि बाजाराच्या दिवशी नेमसिंग गादी सोडत नसे, हे माझं पहिलं कारण. ते माळ्यावरची दोन-अडीच वर्षं पुरलं. यवतमाळला निघताना मी कापडाच्या काठाच्या दोन पट्ट्या फाडून त्याच्या दोन्ही पावलांची मापं घेतली, उजव्याची काळी, डाव्याची लाल, आणि टाच किती उंच करायची तेही काळ्या पट्टीवर गाठ मारून ठेवलं. तो म्हणाला, "पाह्य बरं, उलटा करशीन." पट्ट्या मी कचेरीतल्या टेबलाच्या खणात ठेवल्या. पहिला पगार झाला तेव्हा साहेबांनी माझ्या वहाणांकडे पाहिलं, म्हणून आधी मी स्वतःसाठी काळे बूट घेतले. नेमसिंगाचा पुढच्या महिन्यात. मग एका घाईच्या दिवशी फायलीला बांधायला दोरा सापडेना आणि हाताला लाल पट्टी लागली. डाव्या पायाचं माप पुसदला रवाना झालं. फाईल परत आली ती सरकारी दोऱ्यात.

गेल्या पोळ्याला तांड्यावर गेलो होतो. नेमसिंग खाटेवर पाय लांब करून बसला होता, खाली त्याच टायरच्या चपला, उजव्या चपलेखाली रबराचा एक तुकडा खिळ्यांनी ठोकलेला. पेठेतल्या गोष्टी सांगत होता, शेठचं पोट किती वाढलं ते हातानं दाखवत होता. धनीबाईनं पाण्याचा तांब्या आणला. हल्ली ती नीट ठेवते, पाणी उडत नाही. ठेवता ठेवता तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. बूट काढायचे राहून गेले होते.

"चांगले हायेत," ती म्हणाली. "अन् त्याहीचा?"

मी पाय खाटेखाली ओढून घेतले आणि म्हटलं, "माप परत घ्यावं लागेल, काकू."